वेस्टगेट ३८ की ४४: "उलटं लिहिलंय" या कमेंटला उत्तर

दादा, आधी तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. तुम्ही म्हणता की मी लिहिलेलं ७ पीएसआय बूस्टला (टर्बो इंजिनात जी जादा हवा दाबून भरतो तिचं प्रेशर) ४४ एमएमचं वेस्टगेट आणि २० पीएसआयला ३८ एमएमचं हे साफ उलटं आहे, बूस्ट जास्त तर गेट मोठं पाहिजे, आणि बूस्ट आपोआप चढत असेल तर बूस्ट कंट्रोलर लावावा किंवा गेटमध्ये हलकी स्प्रिंग टाकावी, लोकांना उगाच खर्चात पाडू नये. खर्चाची काळजी मलाही आहे, चांगलं गेट बाहेरून मागवायचं म्हणजे ड्युटी धरून किती जातात हे सगळ्यांना माहितीये. पण यात इंजिन जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेस्टगेटचं काम एवढंच की इंजिनातून आलेल्या एक्झॉस्टपैकी जेवढा टर्बाइनला (एक्झॉस्टवर फिरून बूस्ट तयार करणारं टर्बोचं चाक) नकोय तेवढा बाजूने काढून द्यायचा. धरणाच्या सांडव्यासारखं, किती पाणी येतंय आणि त्यातलं किती सोडून द्यायचंय यावर त्याची रुंदी ठरते. आता समजा एकच इंजिन, एकच टर्बो, आणि गेट पूर्ण बंद ठेवलं तर तो टर्बो २२-२३ पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. तुम्हाला २० हवेत तर जवळजवळ सगळा एक्झॉस्ट टर्बाइनमधूनच जाणार, बाजूने काढायला फारसं काही उरतच नाही, ३८ एमएम आरामात पुरतं. त्याच सेटअपवर ७ पीएसआयलाच थांबायचं असेल तर एक्झॉस्टचा बराच मोठा भाग टर्बाइनला न लागता बाहेर जायला हवा, तो लहान भोकातून गेला नाही तर परत टर्बाइनवरच येणार आणि बूस्ट चढणार. म्हणून बूस्ट कमी तर गेट मोठं. ३८ आणि ४४ मध्ये दिसायला ६ एमएमचा फरक आहे पण क्षेत्रफळ साधारण ३४ टक्क्यांनी वाढतं, तो फरक लहान नाही.

तुमच्या मित्राच्या गाडीवर २० पीएसआयला ३८ मस्त चालतंय म्हणालात ना, ते याच कारणाने चालतंय! त्यातून टर्बाइन हाउसिंग मोठं असेल, म्हणजे ए बाय आर (हाउसिंगच्या आतली वाट किती मोठी ते सांगणारा आकडा) जास्त, तर गेटवरचा भार अजून कमी. उलट लवकर स्पूल व्हावा, म्हणजे पटकन वेग घेऊन बूस्ट द्यायला लागावा म्हणून मोठ्या इंजिनावर छोटा टर्बो बसवला की तो थोड्याशा एक्झॉस्टवरच फिरतो आणि बाकीचा सगळा गेटच्या गळ्यात. त्यामुळे नुसतं "किती बूस्ट" किंवा नुसतं "किती हॉर्सपॉवर" विचारून साइज सांगणाऱ्या दुकानदारावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे माझदा आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारचं एफडी मॉडेल. १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात), दोन टर्बो, मूळ बूस्ट १० पीएसआयच्या आसपास. लोकांनी डाउनपाइपपासून (टर्बोतून निघणारा पहिला पाइप) मागपर्यंत मोकळा एक्झॉस्ट टाकला, टर्बाइनच्या मागचा अडथळा गेला आणि आरपीएम वाढेल तसा बूस्ट कुणीही न सांगता चढायला लागला, कारण आतलं वेस्टगेटचं भोक त्या प्रवाहाला पुरेना. मूळ फ्युएल सिस्टीम तेवढ्या हवेला पुरत नाही, मिक्स्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), मग डेटोनेशन, म्हणजे मिक्स्चर स्फोटासारखं पेटणं, आणि रोटरीत डेटोनेशन म्हणजे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) गेले. म्हणून ते लोक गेटचं भोक घासून मोठं करून घेतात. त्यांनी कंट्रोलर का नाही लावला? कारण कंट्रोलर फक्त गेट उशिरा उघडायला लावू शकतो, स्प्रिंगच्या आकड्याच्या (ज्या बूस्टला ती गेट उघडू देते) खाली बूस्ट आणणं त्याच्या हातात नाही. आणि गेट आधीच पूर्ण उघडं असताना बूस्ट चढत असेल तर तो तरी काय करणार? हलक्या स्प्रिंगचंही तेच, गेट थोडं आधी उघडेल पण भोक तेवढंच राहतं.

आता साइजपेक्षाही जास्त लोक जिथे फसतात ते म्हणजे जागा. ६० एमएमचं गेट आणलं आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातून टर्बोपर्यंत एक्झॉस्ट आणणारे पाइप) एकाच रनरवर, म्हणजे त्यातल्या एकाच पाइपवर, काटकोनात पाइप वेल्ड केला तर ते नीट बसवलेल्या ४४ पेक्षा वाईट चालू शकतं. गॅसला सरळ जायला आवडतं, त्याला मागे वळायला लावलं की तो टर्बाइनकडेच जातो. गेटचा पाइप सगळे रनर एकत्र येतात तिथून, प्रवाहाच्या दिशेने, कमी कोनात निघायला हवा. ट्विन स्क्रोल (टर्बाइनकडे गॅस दोन वेगळ्या वाटांनी नेणारं हाउसिंग) असेल तर दोन्ही बाजूंचा गॅस गेटपर्यंत पोचला पाहिजे. वेल्डर चांगला असला तरी हे त्याला उभं राहून सांगावं लागतं.

आणि हो, सरसकट सगळ्यात मोठंच घ्या असंही मी म्हणत नाहीये. मोठ्या व्हॉल्व्हच्या तोंडावर एक्झॉस्टचं प्रेशर जास्त जोर लावतं, स्प्रिंग हलकी असेल तर ते वेळेआधीच ढकलून उघडतं आणि स्पूल मंदावतो. ज्याला २० च्या खाली यायचंच नाही त्याने ६० एमएमवर पैसे घालवू नयेत, इथे आपलं एकमत आहे.

तुमच्या गाडीचं खरं काय ते बघायचं असेल तर कंट्रोलर बाजूला काढा, सिग्नल लाइन (गेटपर्यंत बूस्टचं प्रेशर नेणारी नळी) थेट गेटला जोडा, आणि डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलवर लॉग (आरपीएम आणि बूस्टची नोंद) घ्या, नॉक (म्हणजे डेटोनेशन) दिसला किंवा बूस्ट हाताबाहेर गेला तर लगेच पाय काढायचा. सुरुवातीला एक उसळी येऊन बूस्ट खाली बसला तर तो स्पाइक, त्याचा गेटच्या साइजशी सहसा संबंध नसतो. पण आरपीएमबरोबर रेडलाइनपर्यंत चढतच गेला तर तो क्रीप, मग गेट किंवा पाइपिंग कमी पडतंय. मे महिन्याच्या दुपारी पुण्यात सगळं ठीक दिसलं तरी डिसेंबरच्या पहाटे परत बघा, थंड हवा दाट असते, एक्झॉस्ट वाढतो आणि दबून राहिलेला क्रीप तेव्हा वर येतो.

लॉग, हाउसिंगचा ए बाय आर, स्प्रिंग किती पीएसआयची आहे आणि मॅनिफोल्डचा गेटच्या बाजूने काढलेला एक फोटो पाठवा. ३८ तुम्हाला पुरतंय असं त्यात दिसलं तर तसंच इथे खाली लिहीन.