बाराखडी पाठ होईपर्यंत शब्द थांबवू नका

‘पूर्ण बाराखडी पाठ झाल्याशिवाय मुलांना शब्द वाचायला-लिहायला देऊ नका’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे. क, म, र ही तीन अक्षरं आणि एक काना, एवढ्यावर पहिलीतलं मूल काम, मका, राम, मामा, कमर असे शब्द जुळवतं. ‘रमा, काम कर’ असं वाक्यही लिहितं. उलट, नुसत्या सुरात बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला मधलंच ‘के’ दाखवलं, तर ते अनेकदा ‘क’पासून म्हणत येतं. बाराखडी हवीच, पण शब्दांच्या जोडीनं. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या, लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या अभियानाचाही भर समजून वाचण्यावर आहे. त्यामुळे तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.