काका, चहा घेणार?

बँकेत नवीन लागलाय? मार्च तोंडावर आलाय आणि पॉलिसीचं टार्गेट अर्धंही झालेलं नाही? घाबरू नका. डिसेंबरात आमच्या बाबांना तुमच्याच एका जातभाईने जे विकलं त्यावरून माझं चांगलंच शिक्षण झालंय, फुकटात देतो.

आधी माणूस हेरा. पासबुक प्रिंटरसमोर (चालू असलाच तर) वीस मिनिटं उभे असलेले साठीपुढचे काका सगळ्यात उत्तम. 'इकडे एसीत बसा ना काका' म्हणा, चहा मागवा. अर्धी पॉलिसी इथेच खपली.

आकडा काढू नका.

आमचे बाबा 34 वर्षं अकाउंट्सला होते, भाजीवाल्याकडचा रुपया चुकला तर परत जाऊन आणतात, त्यांच्यासमोर टक्केवारी काढाल तर तुम्हीच अडकाल. नातवाचं नाव विचारा. मोबाईलमधले फोटो बघा, सगळे बघा, कंटाळू नका. मग हळूच, 'त्याच्या शिक्षणासाठी काही बाजूला ठेवलंय का काका?' आणि गप्प बसा. नंतर आवाज अजून खाली आणून, 'उद्या तुम्हाला काही झालं तर काकूंचं काय?' शेवटी थोडा मान द्या, 'ही स्कीम सगळ्यांना नाही देत आम्ही.' भीती, माया, मोठेपणा, तिन्ही झाले, आता पेन्सिलीने फुल्या मारलेला कोरा फॉर्म सरकवा.

'विमा' हा शब्द चुकूनही नको. 'एफडीसारखंच आहे, व्याज जास्त.' कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला की 'सगळ्याला हो म्हणा, नुसती फॉर्मॅलिटी असते' हे आधीच पढवून ठेवायचं, म्हणजे उद्या तक्रार झाली की रेकॉर्डिंगमध्ये त्यांचाच हो. आणि पॉलिसीचा कागद, म्हणजे बॉण्ड, घरी आला की 'ओरिजिनल आहे काका, जपून ठेवा' म्हणायचं, कारण तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते हे सांगितलं तर तुमचं टार्गेट कोण पूर्ण करणार? बाबांनी जपून ठेवला हो! प्लास्टिकच्या पिशवीत, आईच्या पैठणीखाली. मी घरी गेलो तो 41 वा दिवस होता.

त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन महिना तीन हजाराच्या आत, आणि त्याच्या गळ्यात वर्षाला 1 लाख, सलग 10 वर्षं? भरणार कुठून ते? आला होता फक्त एफडी रिन्यू करायला! हाच माणूस लोन मागायला आला असता तर सतरा कागद मागितले असते ना तुम्ही, उत्पन्न किती, वय किती, जामीन कोण? तेव्हा वय दिसतं तुम्हाला. टार्गेटचं प्रेशर असतं म्हणे. असेल, पण ते वरच्या साहेबाला सांगा, माझ्या बापाच्या पैशातून कशाला उतरवता? लाजा वाटत नाहीत?

लेखी तक्रार केली तर उत्तर आलं, 'ग्राहकाने स्वेच्छेने सही केली आहे.' स्वेच्छेने! तो पोरगा बदली होऊन गेला. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर टाकलंय, बघू.

बाबा मात्र अजून म्हणतात, 'वाईट नव्हता रे तो, गोट्याचे सगळे फोटो बघितले त्याने.' यावर मी काय बोलणार, माझा रविवारचा फोन चार मिनिटांत आटपतो.

परवा शाखेतून नव्या मॅडमचा फोन आला, केवायसी अपडेट करून जा काका. हे निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून.