रोज पाव किलो साखर नेणाऱ्या आजी

आज सकाळी बेळगावच्या वडगावातल्या एका किराणा दुकानात, रांगेत मागं उभ्या असलेल्या तरुणानं पुढच्या आजींना सुनावलं, "एकदाच दोन किलो न्या की ओ आजी, रोज काय पाव-पाव किलो!" दोघं-तिघं हसले. आजींनी पिशवीचं तोंड दोनदा आवळलं, सुटे पैसे ठेवले आणि खाली मान घालून निघून गेल्या.

अरे, साखर संपलेली नसते रे त्यांची! यजमान गेले, मुलगा बेंगळुरात, मुलगी पुण्यात. दुकानदार "गुडघा कसा आहे?" एवढं विचारतो, त्यासाठी ती साखर. दिवसभरातलं समोरासमोरचं बोलणं तेवढंच.

आणि आपण गल्लीतली माणसं काय करतो? "काही लागलं तर सांगा हं" म्हणतो आणि गेट ओढून घेतो. जन्मभर घर चालवलेली बाई दारात येऊन "मला करमत नाही" म्हणणार आहे काय? "या कधीतरी चहाला" हेही तसलंच. वार सांगा, वेळ सांगा, काम सांगा. "गुरुवारी चारला या, मेथीच्या चार जुड्या आल्यात, एकटीच्यानं निवडून होत नाहीत." कामाला बोलावलं की माणूस संकोच न करता येतं. हात भाजीत असले की नजर खाली राहते, आणि समोर बसवून विचारलं असतं तर जे कधी निघालं नसतं, ते आपोआप निघतं. मेथी नसेल तर फुलवाती वळा, तांदूळ निवडा.

सहा-सात जणी पुरेत. दहाच्या वर गेल्या की दोघी बोलतात, बाकीच्या ऐकून घरी जातात. सतरंजी नको, हाताच्या खुर्च्या गोल मांडा; खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, त्या लाजेनं माणूस पुढच्या वेळी येत नाही. टीव्ही बंद. कमी ऐकू येणाऱ्या आजींना पंख्याच्या घरघरीपासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवा आणि त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला हळू बोलणारी बाई द्या. सव्वापाचला संपवा, दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, तेव्हा जागा एकाच गल्लीतली हवी. शेजारच्या कानडी अज्जींनाही बोलवा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, मेथी निवडायला काय अडतंय?

हे मोडतं ते तिसऱ्या आठवड्यात. पहिल्यांदा उत्सुकता असते, दुसऱ्यांदा भीड, तिसऱ्यांदा गुडघा दुखतो. तेव्हा फोन करू नका, फोनवर "बघते" म्हणायला सोपं जातं. अर्धा तास आधी दारात जा. दोन वेळा नाही आल्या तर त्याच संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन जा. आणि कृपा करून सत्कार, माईक, पाहुण्यांचं भाषण आणू नका! नारळ-शाल आली की सगळ्या प्रेक्षक होतात.

पुरुषांचं आणखी अवघड. गप्पांना म्हणून ते येतच नाहीत. देवळाचा हिशोब लिहायचाय, गणपतीच्या वर्गणीची वही बघायचीय, असं सांगा. लगेच चष्मा शोधतात.

घरात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत चपलांचा ढीग असतो. चौदाव्या दिवशी एकच जोड. तेव्हा जा, आणि महिन्यानं परत जा. विधवा म्हणून हळदीकुंकवाला बोलवायचं टाळणाऱ्यांबद्दल आज लिहीत नाही, राग आवरणार नाही.

मुलं फोन करतात, मान्य. पण "जेवलीस काय?" याला "जेवले" एवढंच उत्तर येतं. "आमटीत आमसूल किती घालू?" विचारा, वीस मिनिटं बोलतील. काहींना एकटं राहणंच आवडतं, हेही खरं, त्यांना ओढू नये. पण झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल, "आता बस्स झालं जगणं" असं बोलणं येत असेल, तर मेथी पुरत नाही. डॉक्टरकडं न्या. 14416 हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी टेली-मानस नंबर फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

बायकांना 2023 पासून कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत. इथला पत्ता असलेलं ओळखपत्र पिशवीत ठेवायला सांगा आणि दोघी-दोघींना हिंडलग्याच्या गणपतीला पाठवा.

लिहितालिहिता त्या तरुणावरचा राग जरा उतरला. अंगात उद्यमबागेतल्या कारखान्याचा शर्ट होता, पाळी गाठायची असणार. हातात एका माणसापुरता पाव आणि दोन अंडी. तोही कुठल्यातरी खोलीत एकटाच राहतो वाटतं.

उद्या गुरुवार. साडेतीनला आजींच्या दारात जायचंय. चहाला साखर कमी पडतेय, थोडी घेऊन या, असं सांगणार आहे.