अर्थशास्त्राच्या पेपरात पानं भरून गुण मिळत नाहीत

परवा भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज दाखवला, 'मावशी, हे खरं आहे का गं?' म्हणून. बारावी अर्थशास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळवायचे मंत्र होते त्यात: परीक्षक पानं बघतो, म्हणून दीर्घोत्तर निदान पाच पानांचं हवं, कुठल्याही प्रश्नाला चालेल अशी एक प्रस्तावना पाठ करा, 'विधानाशी सहमत की असहमत' या प्रश्नात दोन्ही बाजू लिहा, आकृती काढली की गुण पक्के. मी बारावीला हाच विषय शिकवते. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांना असलं काही पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पाच पानांचं आधी बघू. बोर्डाची प्रश्नपत्रिका समोर ठेवा. 80 गुण, तीन तास. शेवटच्या प्रश्नात 8-8 गुणांची दोन सविस्तर उत्तरं. 180 मिनिटं 80 गुणांत वाटली तर एका उत्तराला 18 मिनिटं येतात. एवढ्या वेळात पाच पानं लिहायला बसलं, तर 20 गुणांचे वस्तुनिष्ठ प्रश्न नाहीतर तक्ता-उताऱ्याचे 8 गुण घाईत जाणार.

पण सगळ्यात घातक आहे ती पाठ केलेली प्रस्तावना. भाचीने 'मागणीचा नियम स्पष्ट करा' याचं उत्तर त्या मंत्राप्रमाणे लिहून पाहिलं होतं. पहिलं पानभर अ‍ॅडम स्मिथ, त्यांचा 1776 चा ग्रंथ, अर्थशास्त्र म्हणजे संपत्तीचं शास्त्र, मग रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञाची व्याख्या. नियम दुसऱ्या पानावर उगवला आणि गृहीतकं राहूनच गेली. विचारलं काय होतं? इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी कमी होते, किंमत घटली की वाढते. हे अर्थशास्त्रज्ञ मार्शलचं विधान पहिल्या दोन ओळींत यायला हवं. त्यातले 'इतर परिस्थिती कायम' हे शब्द म्हणजेच गृहीतकं: उत्पन्न, आवडीनिवडी, पर्यायी वस्तूंच्या किमती बदलत नाहीत. ती लिहिली नाहीत तर नियम अर्धाच सांगितला. मग तक्ता, त्यावरून आकृती, तिचं स्पष्टीकरण. अपवाद विचारले असतील तर तेही. लिहायला लागण्यापूर्वी एवढा क्रम मनात धरायला दोन मिनिटं पुरतात.

सहमत-असहमतचं सांगायलाच नको. 'मागणीच्या नियमाला अपवाद नाहीत' या विधानाला असहमत म्हणायचं आणि किंमत वाढली तरी ज्यांची मागणी वाढते अशा गिफेन वस्तू (गरिबांच्या गरजेच्या हलक्या प्रतीच्या वस्तू), प्रतिष्ठेच्या वस्तू दाखवायच्या. दोन्ही बाजू लिहिल्या तर तुमचं म्हणणं काय, हेच कळत नाही.

आकृतीचं थोडं खरं आहे, मान्य करते. पण क्ष अक्षावर मागणी, य अक्षावर किंमत, वक्राला नाव आणि तक्त्यातलेच आकडे असतील तरच. तक्त्यात 10 रुपयांना 50 नग आणि आकृतीत 40, अशा वह्या मी दर वर्षी तपासते.

भाचीने तेच उत्तर काल घड्याळ लावून पुन्हा लिहिलं. अडीच पानं झाली, गृहीतकांसकट, आणि आकृतीतले आकडे एकदा ताडून पाहायला वेळही उरला.