तिरकं पडलेलं तास

मंगळावर निघालो होतो, परभणीतून. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, मग मंगळ काय लांब आहे. ऑर्बिटर नावाचा फुकटचा सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर अंतराळयान उडवायचा खेळ, 2000 सालचा, जुन्या लॅपटॉपवर बी पळतो म्हणून टाकला. मंगळाची कक्षा आपल्या कक्षेला 1.85 डिग्री तिरकी असते. म्हणलं एवढं तर आमचं देवघर बी तिरकं आहे.

पण घोळ तिथं नव्हताच. उडायचा बी ठराविक टाइम असतो म्हणे, मी आपला अमेरिकेच्या रॉकेट तळावरून, केप कॅनाव्हरलवरून, सुचलं तसं उडालो अन् वर जाऊन बघतो तर माझी चक्कर मंगळाच्या कक्षेच्या पातळीला, म्हणजे प्लेनला, 31 डिग्री तिरपी. सरळ करायला एका डिग्रीला सेकंदाला 135 मीटरच्या आसपास वेग बदलावा लागतो. 60 डिग्री वळायचं तर जेवढ्या वेगानं फिरायलोय तेवढाच परत, 7.8 किलोमीटर! गाडी वळवायला गाडीच्या किमतीचं पेट्रोल.

अन् ते बी कुठंही नाही, दोन प्लेन जिथं छेदतात त्या नोडवरच. दीड तासाच्या चकरेत दोन नोड, म्हणजे पाऊण तास टक लावून बसा. नोडला 40 सेकंद राहिले, 30 राहिले, तेवढ्यात अंगणातून अण्णा, "थ्री फेज आली रे, चल, हरभरा वाळायलाय."

नोड गेला.

दोन वाजता चिखलाच्या पायानं आलो, परत वाट बघितली, असेंडिंग नोड, म्हणजे चक्कर जिथं त्या प्लेनच्या वर चढते तो, आला, इंजिन मारलं. तिथं खाली ढकलायचं असतं, मी वर ढकललं. 31 चे 34!

अण्णा मागं उभे. "काय करायलास?"

सगळं सांगितलं.

"येड्या, एवढ्या जोरात पळताना मधीच वळवतोस? धुऱ्याला ने, हळू कर, मग वळव."

मला बोलताच येईना, कारण खरंच तसंच असतं. कक्षेचं एक टोक लांब न्यायचं, तिथं वेग पडतो, नोड त्याच टोकाला आला की वळण लई स्वस्तात होतं. हे यांना ट्रॅक्टरवर कळलं.

टोक लांब नेलं. आता नोड 11 तासांनी. एवढं कोण थांबतंय म्हणून टाइम 1000 पट पळवला अन् चहा ओतून घ्यायला उठलो, कप घेऊन येतो तर नोड मागं.

"झोप आता," अण्णा म्हणले, "पुढच्या आठवड्यात दिवसाची लाइट आहे."