डीप म्हंजे किती फूट?

डीप टेक स्टार्टअप म्हणजे नव्या संशोधनावर उभी राहणारी कंपनी, आणि इन्क्युबेटर म्हणजे अशा कंपन्यांना सुरुवातीला सांभाळणारी संस्था. डीप टेकच्या इन्क्युबेटरमध्ये अर्ज टाकतोय, असं घरी सांगितलं तेव्हा बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "डीप म्हंजे किती फूट?"

यवतमाळकडच्या आमच्या गावात खोल जाणारी गोष्ट एकच, बोअर. आमची दोनदा कोरडी गेलेली. आईला मात्र इन्क्युबेटर लगेच कळला. "अंडे उबवाची मशीन ना? कोंबडीचं एकवीस दिसात निघते. तुह्यं कधी निघन?" म्हटलं, अठरा महिने. तिने अंगणातल्या कोंबडीकडे आदराने पाहिलं.

माझं यंत्र गुलाबी बोंडअळीसाठी आहे. कपाशीत हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाची गोळी ठेवली की नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली समजायचं. मी सापळ्यात कॅमेरा बसवला. तो पतंग मोजून आकडा मोबाइलवर पाठवतो. आजवर हे मोजायला रोज सकाळी बाबा जायचे, एवढा तपशील मी अर्जात गाळला.

अर्जात यंत्राच्या तयारीची पायरी विचारली होती, एक ते नऊ. मोजपट्टी मूळची नासाची. चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत चालतं, नववी म्हणजे खऱ्या कामात सिद्ध झालंय. माझं यंत्र शेताच्या धुऱ्यावर चालत होतं, प्रयोगशाळा त्याने जन्मात पाहिली नव्हती. म्हणजे खालच्या पायऱ्या न चढता मी थेट माळ्यावर. उत्तर आलं, आधी चौथीचा पुरावा जोडा.

मग ऑनलाइन मुलाखत. आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या टिनावर येते, ऊन असो की नसो. मी वर, खाली बैल, आणि शिडी धरून बाबा.

"सीड फंड किती हवा?"

साहेब सुरुवातीच्या भांडवलाचं विचारत होते. खालून आवाज, "एकरी एक पाकीट पुरते, सांग त्याहिले!"

"तुमचा मोट काय?"

मी दचकलो. मोट स्त्रीलिंगी, एवढं तरी साहेबांना माहीत असायला हवं होतं. नम्रपणे सांगितलं, मोट आजोबांच्या काळात होती, आता पाच एचपीची मोटर आहे. पलीकडे तिघेही गप्प. किल्ल्याभोवतीचा खंदक, म्हणजे स्पर्धकाला आत शिरू न देणारी तुमची खासियत, असा त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. पण तोवर त्यांनी "पाइपलाइन काय आहे?" असंही, म्हणजे पुढची कामं कोणती हातात आहेत, विचारून टाकलं होतं आणि मी अडीच इंची म्हणालो होतो. त्यात लाइन गेली, टॉवर बसला, मुलाखत तिथेच संपली.

तरी निवड झाली! मेलमध्ये एकच अट होती: पूर्ण हंगामभर कॅमेऱ्याचा आकडा रोज माणसाने हाताने मोजलेल्या आकड्याशी ताडून पाठवावा; माणूस अनुभवी असावा.

मी मेल मोठ्याने वाचला. बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"पगार किती देशीन?"