एकमताने पाण्यात

मृग बरसला, आर्द्रा लागल्या, की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर दोन गोष्टी हमखास वर येतात. एक पाणी, दुसरं आपत्ती पथक. 2019 आणि 2021 ला यमगर्णीजवळ हायवेवर पाणी चढून पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांना पथक कशाला हवं हे सांगायला नको. पथक उभं करायलाही फार लागत नाही. गणेश मंडळाची पोरं, एक रबरी बोट, दहा लाइफ जॅकेटं आणि एका रंगाचे टी-शर्ट. अवघड असतं ते पथकात एकी ठेवणं. एकी नसली की कुणीतरी प्रश्न विचारतो, आणि प्रश्न आला की त्याचं उत्तर शोधावं लागतं. हे टाळायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात कप्तानापासून. त्याला पोहता यावं, असं पुस्तकी लोक म्हणतात. तुम्ही वय बघा, वाडा बघा, आणि मागच्या पंचायत इलेक्शनला तो कुणीकडून होता ते बघा. सगळ्यांनी त्याला ‘अण्णा’ म्हणावं. हा शब्द फार सोयीचा. मराठीत चालतो, कन्नडमध्ये चालतो, आणि दोन्हीकडं एकदा तोंडातून निघाला की त्याच्यापुढं ‘पण’ लागत नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं आदळली, 583 माणसं गेली. त्यातल्या उडू पाहणाऱ्या विमानाचा कप्तान इतका ज्येष्ठ, की बाकीच्या वैमानिकांना तोच शिकवायचा. समोरचं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालं नसेल काय, अशी शंका मागं बसलेल्या इंजिनिअरने काढलीही होती. कप्तान ठामपणे ‘झालंय’ म्हणाला आणि विषय तिथंच मिटला. याला म्हणतात शिस्त. पुढं विमानवाले बिघडले. आता ते हाताखालच्यांना कप्तानाला अडवायचं रीतसर शिक्षण देतात. हे लोण नदीकाठापर्यंत येऊ देऊ नका.

आता कामाची वाटणी. ती करू नका. ‘सगळे मिळून बघूया की’ एवढं म्हटलं की भागतं. बोटीच्या मागं लावायच्या इंजिनाचंच घ्या. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. ट्रॅक्टरमधून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात, पाण्यात उतरताना सैल करायचा. विसरला तरी इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं, गंमत तीच आहे. सुरुवातीचं पेट्रोल मिळतं तोवर ते काठावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल असं छान गरजतं. मग टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल पुढं सरत नाही, नळीवरचा रबरी फुगा चपटा होतो, आणि बरोबर धारेच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकून गप्प बसतं. बोटीत पाच जण. पाचही जणांची समजूत, स्क्रू दुसऱ्याने सोडला असणार. हे काम एकाच्याच नावावर असतं तर त्याच्या डोक्यात ते राहिलं असतं. पण मग बाकीच्या चौघांना कमीपणा आला असता, त्याचं काय?

फेकायच्या दोराचंही तसंच. पिशवीत साधारण 20 मीटर तरंगता दोर भरलेला असतो. एक टोक हातात घट्ट धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडं टाकायची. एकट्याने फेकली तर तो टोक धरतो. तिघांनी मिळून, घाईत, एकमेकांवर भरवसा ठेवून फेकली तर टोक कुणाच्याच हातात राहत नाही. पिशवी, दोर आणि टोक, सगळं बुडणाऱ्याला आहेर म्हणून जातं.

112 ला फोन लावायची वेळ आली की ‘कुणीतरी फोन लावा रे!’ अशी हाळी द्या. हा ‘कुणीतरी’ नावाचा इसम कुठल्याच गावच्या मतदार यादीत सापडत नाही, पण पथकाची निम्मी कामं त्याच्यावर सोपवलेली असतात. 1968 साली लतानी आणि डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. फॉर्म भरत बसलेल्या पोरांच्या खोलीत त्यांनी भिंतीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोघं, आधी पढवून ठेवलेले, ढिम्म बसले असतील तर दहातला एकच उठला. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर सारत फॉर्म भरत राहिले. तेव्हा ‘ए निळा शर्ट, तू 112 लाव, आणि लागला की मला येऊन सांग’ असं बोट दाखवून कधीही म्हणू नका. असं म्हटलं की फोन लागतो.

दोर ओढायला वीस माणसं लावा, फोटो भरगच्च येतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, 1913 मध्ये छापलाही. आठ जण एकत्र ओढू लागले की एकेकाचा जोर एकट्याने लावतो त्याच्या निम्म्यावर येतो. थोडं ताल चुकतो म्हणून, थोडं बाकीचे ओढतायत म्हणून. यावर चार माणसं आणि एकच आवाज देणारा, असा उपाय जाणकार सांगतात. तुम्ही आवाज सगळ्यांनी द्या, तोही दोन्ही भाषांत. यात आपल्या मुलखासारखी सोय दुसरीकडं नाही. कन्नड बोलणारा गडी घाईत ओरडतो, ‘तडी, तडी!’ म्हणजे थांब. मराठी गड्याला तडी म्हणजे काठ; तो जीव खाऊन काठाकडं ओढतो. दोराला लटकलेल्याचं मत विचारायची पद्धत नाही. एरवी पानाच्या टपरीवर दोघांनाही दोन्ही भाषा येतात, पण इंजिन चालू, वर पाऊस, आणि समोर माणूस वाहतोय, अशा वेळी कान आपल्या आईच्या भाषेतच ऐकतो. उन्हाळ्यात सुक्यात बसून चार शब्द ठरवता येतात: ओढ, सोड, थांब, मागं. ऐकणाऱ्याने तोच शब्द मोठ्याने परत बोलायचा, म्हणजे कळलं. शिट्टी एक झाली तर इकडं बघ, तीन झाल्या तर मदत. पण ते शब्द कुठल्या भाषेतले घ्यायचे हा विषय एकदा बैठकीत निघाला की दसऱ्यापर्यंत सहज पुरतो. त्यात जॅकेटावर नाव कुठल्या लिपीत, हे मिसळलं तर दिवाळीसुद्धा निघेल.

कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे हे पूल आणि बंधारे म्हणजे पथकाची खरी रंगभूमी, कारण काठावर बघायला गाव जमतं. एकेकट्याला बाजूला घेऊन विचारलंत तर ‘आज उतरू नये’ असंच म्हणेल. तेच बारा जण गर्दीसमोर एकत्र उभे करा. एक म्हणतो बघूया, दुसरा म्हणतो जाऊया, तिसरा तोवर चप्पल काढतो. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खालच्या अंगाला उलटं वळतं. ओंडका असो, बोट असो, की जॅकेट घातलेला पैलवान असो, ते त्याला परत भिंतीकडं ओढतं आणि तिथंच घोळवत ठेवतं. लांबून बघणाऱ्याला नुसता फेसाचा एक पट्टा दिसतो. खालच्या बाजूने बोट भिंतीजवळ न्यायची नाही, हा त्यातला साधा नियम. ऐन वेळी पथकातलं एखादं एकोणीस वर्षांचं पोर, ज्याने जॅकेटचे पट्टे मांड्यांखालून नीट आवळलेत, हळूच म्हणतं, ‘अण्णा, खालनं पाणी उलटं फिरूलालंय.’

हा क्षण पुरापेक्षा धोक्याचा. लगेच हसा. ‘भ्यालास व्हय रे?’ एवढं पुरतं. उशीर केलात तर दुसरा म्हणेल, ‘खरंच की.’ सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात लोकांना नुसत्या रेघांच्या लांब्या ओळखायला सांगितल्या. बाकी सगळे ठरवून चूक बोलले, की डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही माणूस कितीदा तरी त्यांच्या मागं जातो. पण एकच जण खरं बोलला, तर असं मागं जाणं साधारण चौथाईवर येतं. एकच जण! म्हणजे बारा जणांची एकी मोडायला एक पोर पुरे. त्याला काढून टाकू नका, वाईट दिसतं. व्हिडिओ काढायचं काम द्या.

मग ‘मी जातो’ म्हणणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि गाठ पक्की मारा. दोर ताणला की धार त्याला वर तरंगू देत नाही, खाली दाबते, आणि ओल्या नायलॉनची गाठ पाण्याखाली सुटत नाही. काठावरचे जितक्या मायेने ओढतील तितका तो खोल जाईल. आधी बांबू पुढं करा, मग दोर फेका, मग बोट, आणि कशानेच भागलं नाही तरच पोहणारा, असा क्रम शिकवतात. पण बांबू पुढं करून माणूस वाचवणाऱ्याचा सत्कार झालेला कुणी बघितलाय?

व्हॉट्सअॅपवर तारीख नसलेला क्युसेकचा आकडा आला तर आधी अंगठा द्या. अठ्ठावीस अंगठे पडले की तो खरा होतो. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून आज किती पाणी येतंय हे तहसील कचेरीला विचारणं म्हणजे आपल्याच ग्रुपवर अविश्वास.

बायकांना पथकात घेऊ नका. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचे दिवस भरलेत, कोणती म्हातारी म्हैस सोडून निघणार नाही, हे आशा कार्यकर्तीला घराघरानिशी तोंडपाठ असतं. ते आधीच कळलं तर पुराच्या रात्री बॅटऱ्या घेऊन ‘कुणी हाय काय?’ ओरडत गल्लीबोळ फिरायचं निमित्त जातं.

पाणी उतरलं की त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटं बसायचं, सगळ्यात लहानाने आधी बोलायचं, कप्तानाने शेवटी, आणि काय चुकता चुकता राहिलं ते वहीत लिहायचं, अशी एक रीत आहे. नेमक्या त्याच वेळी सत्कार ठेवा. नारळ, शाल, आणि चौकात डिजिटल फलक, फोटो मानाप्रमाणे. या गडबडीत जॅकेटं ट्रॉलीत ओलीच राहतात. तशीच ताडपत्रीखाली दाबून समाजमंदिराच्या मागच्या खोलीत टाकली की उंदीर पट्टे कुरतडतात आणि आतला फोम कुबट होतो. पुढच्या मृगाला बाहेर काढाल तेव्हा दहातली सात कामाची निघतील. बोटीत बसतात आठ. आठवं कुणीतरी आणेलच.